मुकादमाचा कळप

कुत्र्याचा विषय निघाला की तिच्या नवऱ्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. लग्न झाल्यापासून हेच. केस गळतात, वास येतो, बाहेरगावी जायची चोरी होते, अशी त्याची कारणं तिला पाठ झाली होती. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींत वरखाली करायचं आणि घरी आलं की त्याला शांतता लागायची. तिनेही मग नाद सोडला होता. त्यामुळे एका रविवारी तोच चहा पिता पिता म्हणाला, "कुत्रा आणूया का एखादा? तुला सोबत होईल," तेव्हा तिने आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप तर नाही ना, ते पाहिलं.

ताप नव्हता. उलट गडी सगळं ठरवून बसला होता. सोडवून आणलेली कुत्री ठेवतात त्या आश्रमात तो स्वतः जाऊन आला होता, तिथल्या मावशींशी बोलला होता, पिल्लूही हेरून ठेवलं होतं. आई शेफर्ड, एका बंद गोदामात साखळीला बांधलेली सापडलेली. बाप कोण ते देवाला ठाऊक. पिल्लाचा एक कान उभा, एक पडलेला, आणि पंजे असे की चुकून मोठ्या भावाचे घालून आलंय. ती हरखून गेली. नवरा बदलला, असं तिला वाटलं, आणि त्या भरात तिने त्याला मागचं सगळं माफ करून टाकलं. इतक्या स्वस्तात कुणी कुणाला माफ करू नये.

ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर ठसे पाठवत आणि ती बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसून मेणात एकेक दात बसवी. पिल्लाने आल्या आल्या कुणा आजोबांची वरची कवळी पळवली आणि पलंगाखाली नेऊन तिचा भुगा केला. ती तिने मुकाट्याने पुन्हा केली. पण पिल्लाचा खरा उद्योग वेगळाच होता. ती बाहेर आणि नवरा आतल्या खोलीत असला की पिल्लाचा जीव थाऱ्यावर नसे. आत जाऊन नवऱ्याची पोटरी नाकाने ढकलायची, नाहीच ऐकलं तर टाचेला हलकेच दात लावायचे, आणि त्याला हाकत हाकत तिच्यापाशी आणून सोडायचं. दोघं एका खोलीत आली की मग हे मधोमध अंग टाकून झोपणार. तिने त्याचं नाव मुकादम ठेवलं.

"तुझा मुकादम मला अंघोळीलाही जाऊ देत नाही," नवरा कुरकुरायचा. ती हसायची. खरं सांगायचं तर तिला हे फार आवडत होतं. किती वर्षांनी ती दोघं संध्याकाळी एकत्र बसू लागली होती, मग ते कुत्र्याच्या धाकाने का होईना.

तरी टाचेला लागणाऱ्या दातांची तिला धास्ती वाटायची. म्हणून तिने आश्रमातल्या मावशींना फोन केला, आणि एका दुपारी, नवरा कामावर असताना, त्या घरी आल्या. आल्या त्या थेट जमिनीवर बसल्या आणि मुकादमाचा जबडा उघडून पाहू लागल्या.

"हा चावत नाही गं. याची जातच कळप हाकणारी. इथे मेंढरं नाहीत, म्हणून माणसं हाकतोय. मारू नकोस, काम दे. लपवलेली वस्तू शोधायला लाव. डोकं दमलं की दात आपोआप गप्प बसतात." मग त्याची मान खाजवत त्या म्हणाल्या, "पण एकदा आपलं म्हटलेलं माणूस कमी झालं ना, की हे पोर झुरतं. म्हणून तर मी याला कुणालाही देत नव्हते. तुझं बरं आहे. एकटीच, त्यात घरून काम. याला सोन्यासारखं घर मिळालं."

मावशींची दुसऱ्या कुणाशी गल्लत होतेय असं तिला वाटलं. "एकटी कुठे? आम्ही दोघं आहोत."

मावशींनी दाराशी ठेवलेल्या पुरुषी चपलांकडे पाहिलं. "म्हणजे ते गेले नाहीत अजून?"

"कुठे?"

मावशींचा हात कुत्र्याच्या मानेवरच थांबला. "बाई गं. मला वाटलं तुमचं बोलणं झालंय. ते म्हणाले, मी वेगळा राहायला जातोय, बायको एकटी पडेल, तिला जीव लावणारं कुणीतरी हवं. मी तर सगळ्यांना सांगत फिरले, बघा किती काळजी करणारा माणूस."

मावशी गेल्यावर ती पुन्हा टेबलाशी बसली, पण हातातला दात मेणात काही बसेना. तुला सोबत. तुझा मुकादम. आपला असं तो एकदाही म्हणाला नव्हता. रजेवर जाणारा कामगार बदली माणूस देऊन जातो, तसा हा कुत्रा देऊन निघाला होता, आणि ती येडी त्याला प्रेम समजून बसली होती. तिला रडू आलं ते तो जाणार म्हणून नव्हे. आपल्याला फसवलं, आणि आपण त्याबद्दल त्याचे आभार मानले, म्हणून.

संध्याकाळी तो आला. तिने पाणीसुद्धा विचारलं नाही.

"कधी जाणार आहेस?"

त्याने कुठे म्हणून विचारलं नाही. बूट न काढताच खुर्चीत बसला. "सांगणारच होतो. दुसरी कुणी नाही, शपथ. मला इथे गुदमरायला होतं, बस. तू त्याच्यात जरा रमलीस की सांगायचं ठरवलं होतं. तुझाच विचार केला मी."

"माझा विचार केलास आणि कुत्रेवाल्या मावशींना सांगितलंस. भांडून गेला असतास तरी परवडलं असतं."

तो आत गेला, चार कपडे पिशवीत कोंबले आणि आज भावाकडे झोपतो म्हणत दाराकडे निघाला. मुकादम उठला. दोघांच्या मधून धावत जाऊन तो दाराला आडवा झाला, पोटरीला नाक लावून नवऱ्याला मागे रेटू लागला. नवऱ्याने बाजूने निघायचा प्रयत्न केला तसे टाचेला दात लागले. मग पिल्लू तिच्याकडे पाहून कुंईकुंई करू लागलं, हा बघ ऐकत नाहीये म्हणून.

"आवर ना तुझ्या कुत्र्याला," नवरा म्हणाला.

"मी का आवरू? या घरात एकच माणूस आहे हे तू मावशींना सांगितलंस, मला आज सांगितलंस. आता त्यालाही तूच सांग."