कानातला पिवळा बिल्ला

“डॉक्टरीणबाई, पहिला बिल्ला माझ्याच कानात मारा!” मी म्हणालो आणि सोनारीच्या चावडीपुढची माणसं मेंढरांसकट खिदळली.

हसली नाही ती हरणाबाई. ती आपला आख्खा कळप वळवून घरी निघाली होती. शेजारच्या गावात रोगानं मेंढरं पटापट मरत होती, म्हणून लस टोचायला गाडी आली होती. दुपारी ती परत जाणार. लशीबरोबर कानात पिवळा बिल्ला मारतात. आमच्या तालुक्याचे मोबाइलवरचे पत्रकार हिंमतराव सकाळीच बोलले होते, की बिल्ल्यात यंत्र आहे, ते घरातलं बोलणं थेट दिल्लीला ऐकवतं. लशीनं मेंढ्या वांझ होतात. आणि कळप संपले की माळ पवनचक्कीवाल्यांच्या घशात.

थाप झकास होती. मी जन्माचा थापाड्या, माल ओळखतो.

“हरणाबाई, ह्येंचं नको ऐकू.”

“मग कुणाचं ऐकू? तुमचं? कालवड समजून वाघरावर बसून परंड्याला गेल्यालं माणूस तुमी! त्येंच्या हातात माईक तरी हाय.”

हिंमतराव मोबाइल रोखून उभेच होते. मी त्यांनाच गाठलं.

“सायेब, हे तुमाला सांगितलं कुणी?”

“सूत्रांनी.”

“ती कुठल्या गावची?”

“रामलिंगआण्णा, ते सांगता येत नसतं. आम्ही फक्त प्रश्न विचारतो. लोकांनी ठरवावं.”

“ठरवू की. पर उद्या हिची मेंढरं मेली तर तुमी काय भरून देणार, तेवढं त्या मोबाइलात बोला.”

हिंमतरावांनी मोबाइल खाली घेतला. चार्जिंग संपलं, म्हणाले.

“बघ,” मी हरणाबाईकडे वळलो, “म्या लई थापा मारल्या. दर थापंत फजिती माझीच. माझ्या थापंनं तुझं एक कोकरू तरी मेलंय का? ह्येंच्या गोष्टीत चोर दुसराच, आन् मरणार बी दुसराच.”

ती थबकली. “आन् त्ये यंत्र?”

बायको गेली तेव्हा मी कानातली बाळी काढून तिच्याबरोबर मातीत दिली होती. भोक तेव्हापासून मोकळंच. डॉक्टरीणबाईंकडून एक बाद झालेला बिल्ला मागून घेतला, त्या भोकात अडकवला आणि ओरडलो, “ऐक रं दिल्ली! हरणाबाईच्या कढीत मीठ लई असतंय!”

हरणाबाईनं मला एक ठेवणीतली शिवी हासडली आणि मेंढरं गाडीकडे वळवली.

रोग वेशीवरूनच माघारी गेला. बिल्ला मी काढला नाही. गावाची सवय मात्र बिघडली, जो तो पुरावा मागू लागला. परवा पारावर वाघराची गोष्ट रंगात आली, तोच हरणाबाई म्हणाली, “आण्णा, त्ये वाघरू डोळ्यानं बघितलं कुणी?”

“शांतम्मानं. माझ्या बायकूनं.”

हरणाबाईनं चहाची बशी माझ्याकडे सरकवली, आणि मी वाघराला पुन्हा परंड्याच्या वाटेला लावलं.