चप्पल चावली म्हणून

बोलतोय तो मी बाक आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कलासंग्रहालयातला, सागवानी, ताठ पाठीचा. इथे चित्रांना नावं असतात, मूर्तींना काचेची घरं असतात. माझ्याकडे मात्र लोक वळतात ते पाय दुखले की. चालायचंच. टेकायला कुणीतरी लागतंच ना!

किला गेटजवळच्या एका सुताराने आम्हा दोघा भावांना एकाच ओंडक्यातून घडवलं. दोघांचे पाय चौकोनी, जाड, अगदी सारखे. भावाला ठेवलं दाराशी, आल्यागेल्याने दम खावा म्हणून. मला नेलं आतल्या मोठ्या दालनात, दसऱ्याच्या मिरवणुकीच्या भल्याथोरल्या चित्रासमोर. मधला दरवाजा उघडा असला की आम्ही समोरासमोर यायचो.

आमचा खरा मोसम मे महिना. दर उन्हाळ्यात इथे गावातल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरतं. बाहेर लू अशी चालायची की कावळासुद्धा चोच वासून बसायचा. आत जाड दगडी भिंती आणि खिडक्यांना ओल्या खसाचे, म्हणजे वाळ्याचे, पडदे. पाटणकर बाजारातली मराठी मंडळी जेवणं उरकून इथेच यायची. निम्मी गारव्याला आणि निम्मी मुली बघायला.

हो, मुली बघायला! घरी कांदेपोह्यांचा कार्यक्रम केला की नकार कळवायची मोठी पंचाईत. त्यात ही दरबारात वावरलेली घराणी, तोंडावर 'नाही' म्हणणं रक्तातच नाही. म्हणून त्यांनी शक्कल काढली होती. 'प्रदर्शन बघायला या' असा निरोप जायचा. मुलीने माझ्या एका टोकाला बसून मिरवणूक बघायची. मुलाने भिंतीवरची चित्रं बघत बघत यायचं. मुलगी पसंत असली तर माझ्या दुसऱ्या टोकाला बसायचं, नसली तर तसंच पुढच्या दालनात निघून जायचं. मुलीला नको असेल तर तो यायच्या आत तिने पाणी प्यायला उठायचं. मुलगा बसला की ठरलं! भटजींनी दक्षिणेतला वाटा मला द्यायला हवा होता, पण बाकाला कोण विचारतो?

अशाच एका मे महिन्यात सरोजिनी येऊन बसली. मान खाली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं. आपण आत कुठून आणि कशा आलो हेही तिला धड कळलं नसावं. जरा वेळाने मधुसूदन आला, सोबत त्याची सुधाआत्या. आत्याबाई वजनदार, उन्हाने पार घामाघूम झालेल्या. त्या दारातच टेकल्या आणि भाच्याला म्हणाल्या, तूही बस जरा. तो एकटाच आत आला. नव्या चपलेने टाच सोललेली, लंगडत होता बिचारा. माझ्याजवळ येऊन थांबला आणि बसला. बसल्या बसल्या त्याने चप्पल काढून हाश्श केलं.

झालं, लग्न उरकलं. मग दर उन्हाळ्यात दोघं प्रदर्शनाला यायची आणि माझ्यावर बसायची. ओळखीचं कुणी भेटलं की मधुसूदनची टकळी सुरू. कसली पसंती नि कसलं काय, चप्पल चावली म्हणून बसलो आणि जन्माचा अडकलो! सगळे हसायचे. सरोजिनीही हसायची, पण हसताना तिची बोटं माझी कड घट्ट धरायची. एकदा तिने खरं काय ते विचारलं, तर म्हणतो कसा, चपलेला विचार. असा राग आला होता मला त्याचा! मला सगळं ठाऊक होतं, पण लाकडाला तोंड कुठलं?

भाऊ तर त्यांचं लग्न ठरलं त्याच पावसाळ्यात गेला. दारावरच्या खसाचं पाणी झिरपून झिरपून त्याचे पाय कुजले, त्याला मोडीत काढलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लोक त्याला विसरलेही.

गेल्या थंडीत मधुसूदनही गेला.

यंदा आतल्या दालनात नवी काचेची कपाटं आली आणि मला उचलून दाराशी आणलं. घाईत जरा तिरकंच ठेवलं. मे महिन्यात सरोजिनी आली, सिटी सेंटर भागातून नातीला, निवेदिताला, घेऊन. मी आत दिसेना तेव्हा तिचा चेहरा एवढासा झाला. मग दाराशी सापडलो. बसली, आणि हात फिरवला माझ्या कडेवरून. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू?

"निवी, जन्मभर चांगले वागले गं हे," ती म्हणाली. "पण मला निवडलं होतं का, ते सांगितलं नाही."

"आजी, तुम भी ना. आजोबा मजाक करत होते."

"मजाकच असेल. पण दरवर्षी तोच."

निवेदिता खाली वाकून सँडलचा पट्टा लावू लागली आणि तशीच थांबली. म्हणाली, "आजी, देखो ना. इथे पहिले पण एक बेंच होता."

लोकांच्या पावलांनी फरशी झिजून गुळगुळीत झाली होती. माझ्या भावाच्या पायांखालचे चौकोन तेवढे खडबडीत राहिले होते. पोरीने आजीला क्षणभर उठवून मला जरासं ढकललं आणि माझे पाय त्या चौकोनांवर नेमके बसले.

सरोजिनीला एकदम सुधाआत्या आठवल्या. सुधाआत्या मरेपर्यंत एकच गाऱ्हाणं सांगायच्या. मी दारात बसले, शेजारी जागा होती, बस म्हटलं, पण पोरगा लंगडत आत पळाला. सगळ्यांना वाटायचं, आत्याबाई बाहेर पायरीवर बसल्या असतील. भर उन्हातल्या पायरीवर कोण बसेल? म्हणून ते गाऱ्हाणं कुणी मनावर घेतलं नव्हतं.

सरोजिनीने मान वर केली. मधला दरवाजा उघडा होता. समोर थेट ती मिरवणूक, आणि तिच्यापुढे माझी जुनी जागा, जिथे ती मान खाली घालून बसली होती.

"चप्पल चावत होती तर इथेच बसायचं," ती हळूच म्हणाली. "जागा होती. तेवढं लांब लंगडत कशाला यायचं?"

मग पदर डोळ्यांना लावून ती हसायला लागली. "लबाड," म्हणाली. "मेला लबाड." तिची बोटं माझ्या कडेवरच होती, पण आता सैल.

पुढच्या मे महिन्यात ती येईल की नाही, देव जाणे. मी मात्र आता दाराशीच आहे, भावाच्या पावलांवर उभा. कधी ग्वाल्हेरला आलात तर प्रदर्शन बघायला या. पाय दुखत असले तर खुशाल टेका. पण आत कुणी मान खाली घालून तुमची वाट बघत बसलं असेल, तर माझ्यापाशी थांबू नका. लंगडत का होईना, पुढे जा. आणि कशासाठी आलात, ते तिला तिथेच सांगून टाका.