एक्केचाळीस नंबरचा फॉर्म

चिठ्ठी निघाली एक्केचाळीस नंबरची. प्रतीक्षानं ती पुन्हा उलटून वाचली. साठ फॉर्मांतले दहाच तपासायचे होते. त्यात नेमका हाच निघावा? नशीब मेलं नको तिथंच बरोबर नेम धरतं.

विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाला दिल्लीच्या एका संस्थेनं प्रकल्प दिला होता. खेड्यातली बाई दिवसाच्या कुठल्या तासाला काय करते, ते लिहून आणायचं. समता मॅडम प्रकल्पाच्या प्रमुख, प्रतीक्षा त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, आणि डोणगावातले साठही फॉर्म तिनं एकटीनं भरलेले. खरेखुरे, उन्हातान्हात फिरून. आता संस्थेनं आपला तपासनीस प्रसेनजित याला बॅकचेकसाठी, म्हणजे फेरतपासणीसाठी, पाठवलं होतं. चिठ्ठीत निघेल त्या घरी जायचं, फॉर्मवरची उत्तरं वाचायची आणि घरात जे मोठं माणूस असेल त्याला विचारायचं, हे खरं का? सुनेच्या दिवसाबद्दल सासूला विचारू नये, एवढं काही त्या दिल्लीच्या विद्वानांना सुचलं नव्हतं.

एक्केचाळीस नंबर म्हणजे पूनम. दुपारी दोन ते चार चुलीसाठी पऱ्हाट्या, कपाशीच्या वाळक्या काड्या, आणायला जाते असं सांगून ती अंगणवाडीच्या अनुपमाताईंकडे अभ्यासाला बसायची. येताना त्यांच्याच परसातला पऱ्हाट्यांचा भारा डोक्यावर घ्यायची. बारावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म तिनं चोरून भरला होता. मागच्या वर्षी सासूला सुगावा लागला तेव्हा पुस्तकं चुलीत गेली होती आणि पूनमला महिनाभर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. यंदा पहिला पेपर आठ दिवसांवर आला होता.

प्रतीक्षा तिला भेटली ती अनुपमाताईंच्याच ओसरीत. "हे नका लिहू ना ताई," पूनम म्हणाली होती. "अगं, फॉर्मवर नाव नसतं, नुसता नंबर," असं प्रतीक्षानं तिला मोठ्या शहाणपणानं समजावलं होतं आणि दोन ते चारपुढे 'अभ्यास' लिहिलं होतं. नंबरावरून घर सापडतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

जीपमध्ये तिनं धीर केला. "सर, सुनेलाच विचारा. एकटीला."

प्रसेनजित हसला. माणूस दुधानं तोंड पोळलेला. झाडाखाली बसून शंभर-शंभर फॉर्म रंगवणारे त्यानं पकडले होते. "खोटे फॉर्म भरणारे हेच म्हणतात," तो म्हणाला. "आणि तिथं तुम्ही मधे बोलायचं नाही."

खरं काय ते सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण जीप चालवणारा पूनमच्या नवऱ्याचा दोस्त होता आणि त्याचे कान मागेच होते.

मंजुळाबाई, पूनमची सासू, ओसरीत तूर पाखडत बसल्या होत्या. "हे बाई कोन?" त्यांनी प्रतीक्षाकडे बोट केलं. "हिले तं मी पह्यल्यांदाच पाहून राह्यली."

प्रसेनजितनं वहीत काहीतरी टिपलं. आतून पूनम पाणी घेऊन आली. प्रतीक्षाला पाहताच ती पेले तिथंच ठेवून दाराशी मागे सरली.

"पहाटे पाच, झाडलोट," प्रसेनजित मंजुळाबाईंना वाचून दाखवू लागला.

"हाव."

"सहा ते आठ, स्वयंपाक."

"हाव."

दहा वाजले, अकरा वाजले, धुणं झालं, भांडी झाली. पूनम दाराच्या चौकटीला धरून उभी होती, चेहरा पांढराफटक.

"दुपारी दोन ते चार..."

"सर, थांबा!" प्रतीक्षा मधे पडली.

सूप थांबलं. "दोनले काय लिवलं वो हिनं?" मंजुळाबाईंनी डोळे बारीक केले. "आमची सून तं पऱ्हाट्या आणाले जाते."

"तो फॉर्म खोटा आहे," प्रतीक्षा म्हणाली. आपलाच आवाज तिला ओळखू येईना. "मी या घरी आलेच नाही, सर. सकाळचं सगळ्याच बायकांचं सारखं असतं, ते अंदाजानं लिहिलं. पुढचं मनानं."

एक फॉर्म खोटा म्हणजे साठही रद्द. प्रकल्पातून नाव जाणार, समता मॅडम पुन्हा दारात उभं करणार नाहीत. हे सगळं तिला बोलून झाल्यावर कळलं.

प्रसेनजित पूनमकडे वळला. "या तुम्हाला कधी भेटल्या होत्या?"

पूनमनं प्रतीक्षाकडे पाहिलं. पोरगी मनानं चांगली होती. आपल्यापायी दुसऱ्याचं वाटोळं होताना गप्प बसणारी नव्हती. बोलू नकोस, बाई, बोलू नकोस, प्रतीक्षा मनातल्या मनात ओरडत होती.

"नाही," पूनम म्हणाली. "मी तं या बाईले पाह्यलंच नाही."

"पाहा!" मंजुळाबाईंनी सूप आपटलं. "घरी बसून लोकाच्या सुनायचं लिवतात! म्हणूनच म्हंते मी, बाईले जास्त शिकवू नये."

प्रसेनजितनं फॉर्मवर लाल शाईनं फुली मारली, खाली दोन ओळींचा कबुलीजबाब लिहिला आणि पेन पुढे केलं. प्रतीक्षा सही करायला वाकली तेव्हा तिला पूनमच्या डोळ्यांत पाणी भरून आलेलं दिसलं. अजून सासूनं पाहिलं नव्हतं. आता ही रडली तर सगळंच गेलं, या भीतीनं प्रतीक्षानं वाकडीतिकडी सही ओढली, जबाब न वाचताच, आणि मागे न बघता जीपकडे चालू लागली.