बंद काचा

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही एका जुन्या गाडीत मागे बसला आहात. मांडीवर दहा महिन्यांचा भाऊ आहे. पायांखालून घरघराट येतोय, जणू कुणी पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवतंय.

आपल्या गोष्टीतली ताई रोज तशीच शाळेला जायची. गाडीचा धूर मागे नेऊन सोडणारा सायलेन्सरचा पाइप बरोबर तिच्या सीटखाली तुटला होता. बाबांनी तो तारेने बांधला होता. आवाजाने तिचा दहा महिन्यांचा भाऊ ढब्बू उठू नये म्हणून आई मागच्या काचा घट्ट लावायची.

"दोन दिवस गाडी ठेवा, पाइप बदलतो," नाक्यावरचा मिस्त्री म्हणाला.

"उद्या आत्याकडे निघायचंय. सहा तासांचा रस्ता आहे. आल्यावर बघू," बाबा म्हणाले. "नाहीतरी विकायचीच आहे. म्हाताऱ्या घोड्याला नवे नाल कशाला?"

"घोड्याचं राहू द्या, साहेब. धूर आत येतो. वास येईलच असं नाही. आधी डोकं दुखतं, मग झोप लागते, आणि मग माणूस उठत नाही."

"माझं नाही दुखत कधी!"

"तुम्ही पुढची काच उघडून, कोपर बाहेर काढून चालवता."

मागच्या सीटवर ऐकत बसलेल्या ताईला एकेक आठवू लागलं. घरी झोपताना तासभर छळणारा ढब्बू गाडीत दुसऱ्या वळणालाच मान टाकायचा. आई कौतुकाने म्हणायची, "गाडी म्हणजे याचा पाळणाच!" आणि शाळा येईपर्यंत ताईचं डोकं ठणकायचं. शाळा बुडवायचं नाटक म्हणतील, म्हणून ती बोलली नव्हती.

सकाळी बॅगा चढल्या. ताई ढब्बूला मांडीवर घेऊन मागे बसली. बाबांनी गाडी सुरू केली आणि ते दाराला कुलूप लावायला परत निघाले. आई दुधाची बाटली घेऊन अजून बाहेर यायची होती.

"बाबा, आज नको ना जाऊया! माझं डोकं दुखतं गाडीत," ताई म्हणाली.

"झाली सुरुवात! आत्या वाट बघतेय," म्हणत बाबा दाराकडे गेले.

काचा बंद. ढब्बूची मान कलली. ताईने त्याच्या गालावर टिचकी मारली. तो हलला नाही. पुन्हा मारली.

मग तिने पुढे वाकून किल्ली फिरवून काढून घेतली. घरघर थांबली. तिने दार ढकललं आणि ढब्बूला छातीशी धरून ती मोकळ्या अंगणात धावली. वारा लागताच तो एकदा ठसकला, मग त्याने नाक फेंदारलं आणि भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं तिने कधी ऐकलं नव्हतं.

"किल्ली दे!" बाबा धावत आले.

ताईने मूठ उघडली नाही. रडत्या ढब्बूला कडेवर घेऊन ती नाक्याकडे, मिस्त्रीच्या गॅरेजकडे चालू लागली.