ओगुस्तीनच्या नावावर

ओगुस्तीननं हातातली काठी पिंपावर आडवी ठेवली.

"यंदा माझ्या नावावर काही गाळायचं नाही. पुढंही नाही."

धुण्याच्या हौदापाशी दारूची फिरती भट्टी नुकतीच पेटली होती. मिराबेल, म्हणजे त्या इवल्या पिवळ्या आलुबुखारांनी भरलेली पिंपं आंबून रांगेत उभी होती. घरची दारू बिनकराची गाळायचा हक्क सरकारनं केव्हाच बंद केलेला. आधीपासून ज्याच्याकडे होता त्याच्याकडे तो मरेपर्यंत राहायचा, मागे बायको उरली तर तिच्याकडे, पोरांना नाही. एकेक म्हातारा गेला आणि अख्ख्या गावात ओगुस्तीन तेवढी उरली. तेव्हापासून सगळ्यांची पिंपं तिच्याच नावावर गाळली जायची.

"आजी, थट्टा करताय होय?" पाववाली जिल्बेर्त म्हणाली. "मग मी रोज सूप आणून देते ते काय उगीच?"

"तेच तर."

थकली होती ती. साधी शिंक आली तरी डॉक्टर दारात. बर्फ पडलं की आधी तिचंच अंगण साफ व्हायचं. नवरा, एमिल, गेल्यापासून या गावानं तिला धड आजारीसुद्धा पडू दिलं नव्हतं. ही माया आपल्यावरची की पिंपांवरची, हे विचारायची तिला भीती वाटे, आणि ती भीती वागवून वागवून जीव मेटाकुटीला आला होता.

त्यानंतर कुणी तिच्याकडे फिरकलं नाही. सूप बंद झालं. पाव देताना जिल्बेर्त दुसरीकडे बघू लागली. बरं झालं, कळलं एकदाचं, असं ओगुस्तीन स्वतःला बजावत राहिली, पण बटाटे उकडून ताटात घेतले की अर्धे तसेच राहायचे.

शनिवारी दाराबाहेर लाकडं पडल्याचा आवाज झाला. शेजारचा फेर्नां, तिच्याच वर्गात शिकलेला, आता विधुर. दर शनिवारी फोडलेली लाकडं रचायचा, दार वाजवायचा आणि ती बाहेर येईपर्यंत निघून गेलेला असायचा. त्याचंही पिंप त्या रांगेत होतंच.

तिनं दार उघडलं.

"आता कशाला आणलीस? माझ्याकडून काही मिळायचं नाही तुला."

"माहीत आहे."

त्यानं शेवटचं लाकूड नीट बसवलं. मग पायरीवर टेकून चिखलानं माखलेले बूट काढायला घेतले.

"आत येतोस की काय?"

"येतो." बुटाची नाडी सुटेना. तो तिच्याकडे न बघताच बोलत राहिला. "इतकी वर्षं आलो असतो, तर गाव म्हणालं असतं, फेर्नां म्हातारीपुढे गोंडा घोळतोय. पिंपासाठी. तूही तेच म्हणाली असतीस."

म्हणाली असती. ओगुस्तीन दारातून बाजूला झाली.

आत टेबलापाशी एकच खुर्ची मोकळी होती. दुसरीवर कधीपासून धुतलेल्या कपड्यांचा ढीग साचलेला. तो तिनं दोन्ही हातांनी उचलला, आणि आता कुठं ठेवावा ते न सुचून तशीच उभी राहिली.