तेलाच्या डब्याचा पत्रा

मासळीची गाडी होती ती. कोकणातून कुठून तरी आलेली जुनी पिकअप. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं झिरपून तिच्या केबिनचा तळ पार कुजला होता. रंगराव मिस्त्रीने पायाखालचं मॅटिंग उचललं, नुसतं बोट दाबलं, तर पत्रा पापडासारखा मोडला आणि खालची माती दिसली. ड्रायव्हरशेजारच्या सीटचे बोल्ट त्याच पत्र्यात बसवलेले. म्हणजे जोरात ब्रेक लागला, की सीटसकट माणूस कुठे जाईल ते देवालाच माहीत!

"धनेशभाऊ, ह्याला इलाज एकच," रंगराव म्हणाला. "सगळा तळ कापायचा आन नवा पत्रा वेल्ड मारायचा."

धनेश हा मोशीचा जुन्या गाड्यांचा दलाल. रंगरावच्या गॅरेजातली निम्मी कामं त्याच्याकडून यायची. तो हसला. "मिस्त्री, मला गाडी विकायचीय राव, घरात ठेवायची नाही. झाकून द्या. फक्त एक बघा, हल्ली गिऱ्हाईक खिशात चुंबक घेऊन येतं. नुसती पुट्टी भरली तर चुंबक चिकटत नाही, आणि आपलं पितळ उघडं पडतं."

इथे रंगरावने 'नाही' म्हणायला हवं होतं. चाकण-कुरुळीच्या पट्ट्यात त्याच्या हाताला नाव होतं. पण नाव असलेल्या माणसाला कुणी कोडं घातलं की त्याची खोड जागी होते. पुट्टीवर चुंबक चिकटवायचं? बघू की! त्याने कोपऱ्यातला तेलाचा रिकामा डबा उचलला, कात्रीने कापला, तो पातळ पत्रा हातोडीने हलके हलके ठोकून तळाच्या वळणावर बसवला, पुट्टीत दाबला, वरून घासला आणि रंग मारला. चुंबक लावलं, तर टक्क करून चिकटलं. धनेशने त्याच्या पाठीवर थाप मारली. "डोकं आहे मिस्त्री!"

पाप करताना माणसाचं काळीज धडधडतं म्हणतात. साफ खोटं! रंगरावला त्या दिवशी चक्क मजा आली. घरी जाऊन तो दोन भाकरी जास्त जेवला.

मग आठवड्याभराने गवराबाईचा फोन आला. "रंगा, आपल्याला गाडी घ्यायची हाय. बघाया चल. मला काय कळतंय त्यातलं?"

गवराबाई म्हणजे कुरुळीची जुनी बाई. जमीन कंपन्यांत गेली तशी तिने हातात उलथनं घेतलं आणि कंपन्यांतल्या पोरांना डबे पुरवायचा धंदा उभा केला. रंगराव बीडकडून बायकोला घेऊन ह्या भागात आला, तेव्हा हमरस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली राहत होता. हिने त्याला आपल्या गोठ्याशेजारची खोली उघडून दिली, आणि पुढे भाऊबीजेला पाटावर बसवून ओवाळलंही. तिला पाठचा भाऊ नव्हता, ह्याला बहीण नव्हती. तेव्हापासून तिचा मुलगा बाळू ह्याला मामा म्हणायचा, आणि हा तिला अक्का. नातं म्हणाल तर काहीच नाही, आणि म्हणाल तर सख्ख्याच्या वर.

धनेशच्या यार्डात शिरताच रंगरावला गाडी दिसली. पांढरीशुभ्र, चकचकीत, नवरीसारखी नटून तीच उभी होती. धनेशनेही त्याला पाहिलं. गडी एका क्षणात सगळं समजला आणि गालातल्या गालात हसला.

बाळूने खिशातून चुंबक काढलं. मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून आला होता शहाणा. मॅटिंग उचलून तळाला लावलं. टक्क. "मामा, पत्रा अस्सल हाय बरं का!"

"ते लोहचुंबक ठिव खिशात," गवराबाई म्हणाली. "आपल्या घरचा मिस्त्री असताना चुंबकं कशाला? रंगा, तू सांग."

आता बोलावं, असं रंगरावच्या मनात शंभरदा आलं. पण बोलावं तर काय? अक्का, ही गाडी घेऊ नका, कारण ती मीच सजवलीय? धनेशची कामं गेली असती तर गेली असती, त्याचं एवढं नव्हतं. अक्काच्या डोळ्यांत आपण कसे दिसू, हाच विचार आडवा आला. त्याने उगाच बॉनेट उघडलं, टायर दाबून पाहिले, गाडी चालू करून कान दिला.

"इंजन चांगलं हाय, अक्का."

हे खरं होतं. अर्धं खरं बोललं की वाटतं आपण वाचलो, पण खाई त्याला खवखवे.

"म्हंजे घेऊ?"

"घ्या," रंगराव म्हणाला.

परत येताना त्याने एक मार्ग काढला. बाळूला म्हणाला, "गाडी चार दिस माझ्याकडं सोड. सर्व्हिसिंग करून देतो." गुपचूप तळ कापू, नवा घालू, कुणाला पत्ता लागायला नको. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"चार दिवस? मामा, उद्या पूजा, आन परवापासून डबे चालू. आईनं मुहूर्त काढलाय," बाळू म्हणाला. झालं! मुहूर्तापुढे मिस्त्रीचं काय चालणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडी उभी. झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. बाळूची बायको वर्षाराणी पेढे वाटत होती. बेत असा होता की पूजा झाली की सगळ्यांनी निमगावच्या खंडोबाला जाऊन यायचं. बाळू चालवणार, शेजारच्या सीटवर नातीला मांडीवर घेऊन गवराबाई बसणार. रंगराव रात्रभर कूस बदलत होता, त्याचे डोळे लाल झाले होते. चाकणच्या चौकातली ती कंटेनरची गर्दी, ते मध्येच आडवे येणारे रिक्षावाले आणि दर मिनिटाला दाबावा लागणारा ब्रेक त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

नारळ फुटला. गवराबाईने गाडीला ओवाळलं आणि म्हणाली, "रंगा, पैल्यांदा तू बस. तुझ्यामुळं मिळाली ही लक्ष्मी."

"मी कशाला अक्का..."

"बस म्हणते ना! लाजतोय काय नव्या जावयावानी?"

सगळे हसले. रंगराव चढला आणि सीटवर बसला. बसला खरा, पण पाय काही त्याला खाली टेकवेनात. गुडघे जवळ घेऊन, टाचा सीटच्या कडेला अडकवून, बाजारात टोपलीत बसवलेल्या कोंबड्यासारखा तो बसला होता. ओवाळायला गवराबाई पुढे आली. निरांजनाची धग तोंडाला लागली आणि त्याला दरदरून घाम फुटला.

"मामा, असं अवघडून काय बसलाय?" वर्षाराणी म्हणाली. "पाय सोडा की खाली."

तेवढ्यात गवराबाईने नातीला कडेवर घेतलं. "उतर आता. आमी बसतो."

तिचा हात दाराच्या दांडीवर आला, आणि रंगरावच्या आत काहीतरी तटकन तुटलं. त्याने टाच उचलली आणि आपल्या सगळ्या वजनानिशी तळावर हाणली. पुट्टी खाडकन उडाली. पाय पोटरीपर्यंत खाली गेला. मॅटिंग फाटलं, आणि चिरलेल्या पत्र्यावर सूर्यफुलाचं चित्र दिसलं, तेलाच्या डब्यावर असतं तसं.

बाळू वाकून बघत म्हणाला, "आरं, हे काय?"

"हे मी केलंय," रंगराव म्हणाला. पाय तसाच अडकलेला. "अक्का, ह्यो सगळा तळ कुजलाय. मीच झाकलाय. तुमाला घ्या म्हणलो, तवा मला सगळं ठावं होतं."

बाळूने त्याची कॉलर धरली आणि मामा-बिमा सगळं विसरून जी आईमाई काढली, ती लिहिण्यासारखी नाही. रंगरावने हात वर केला नाही. उलट दोन लाफे बसले असते तर त्याला बरंच वाटलं असतं.

"बाळू, हात काढ," गवराबाई म्हणाली. तिने नातीला वर्षाराणीकडे दिलं. ताट ओट्यावर ठेवलं. "कवा केलंस हे?"

"धनेशनं गाडी आणली तवा. देवाशपथ अक्का, गाडी तुमी घेणार हे मला ठावं नव्हतं."

हे सांगितलं की आपला गुन्हा थोडा हलका होईल, असं त्या बिचाऱ्याला वाटत होतं. गवराबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"म्हंजे दुसऱ्या कुणाची नात बसली असती, तर चाललं असतं व्हय?"

आजवर हा प्रश्न रंगरावने स्वतःला विचारलाच नव्हता.

"मी जातो त्या धनेशकडं, तंगडंच मोडतो," बाळू ओरडला.

"त्याच्याकडं नंतर बघू. तो परका हाय," गवराबाई म्हणाली, आणि घरात गेली.

त्याच दुपारी रंगराव ग्राइंडर आणि वेल्डिंगचं मशीन घेऊन तिच्या अंगणात आला. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. त्याने सीट उपटली, कुजलेला तळ कापून काढला, जाड पत्रा आणला, मापात वाकवला, आणि टाक्याला टाका लावून जोडला. काम करताना दाराखालची कड आणि चढायची पायरीही सडलेली निघाली. तीही बदलली. ह्या वेळी कुठेच पुट्टी नाही. आतून-बाहेरून प्रायमर, मग रंग. येणारे-जाणारे थांबून विचारत, "काय मिस्त्री, नव्या गाडीला काय झालं?" आणि तो मान वर न करता सांगे, "मी खराब काम केलं होतं. आता नीट करतोय."

गवराबाई वेळेवर चहा आणून देई. "रंगा, दोन घास खाऊन घे," म्हणे. आवाज तोच, भाकरी तीच, वर ठेचाही. तिने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. दिवस जातील तसं रंगरावच्या जिवात जीव येऊ लागला. अक्काचं मन मोठं आहे, पोटात घातलं तिने, असं तो बायकोला सांगू लागला.

काम संपलं. मॅटिंग न घालताच त्याने तिला हाक मारली. "अक्का, या. आता हत्ती बसवा ह्यात."

गवराबाई नातीला कडेवर घेऊन, पदर सावरत बाहेर आली. तळाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "चांगलं दिसतंय रं. जरा दम धर, भोसरीवरनं मुरारी यायचाय."

मुरारी स्कूटरवरून आला. हातात हातोडी. कधीकाळी रंगरावच्याच हाताखाली पत्रा ठोकायला शिकलेला. अंगणात रंगरावला पाहून तो ओशाळला. "उस्ताद, तुमचं काम मी काय बघू?"

"बघ," रंगराव म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "ठोकून बघ. खालूनही बघ."

मुरारीने ठोकलं. खाली आडवा होऊन टॉर्च मारला. कपडे झटकत उठला. "मावशी, एक नंबर काम आहे. कंपनीतसुद्धा असं करत नाहीत."

"तुझ्या आईला बसवशील ह्या सीटवर?"

मुरारीने एकदा उस्तादाकडे पाहिलं. "बसवीन."

"मंग झालं," गवराबाई म्हणाली. कडेवरच्या नातीला तिने मुरारीकडे दिलं. रंगरावने तिला चढायला हात पुढे केला होता. ती दांडीला धरून आपली आपण वर चढली आणि नातीला घ्यायला तिने मुरारीकडे हात केले.