मी अर्ध्यावर थांबलो तो दिवस

मी रेल्वेचं फाटक बोलतोय. आजवर लोकच माझ्याशी बोलत आले, आणि तेही बहुतेक शिव्यांनी सुरुवात करून. म्हणून म्हटलं, एकदा आपणही चार शब्द बोलावेत.

सुरतेजवळचं उधना स्टेशन सोडून गाडी खानदेशाकडे निघाली, की थोड्याच अंतरावर मी लागतो. माझ्या एका अंगाला गोडादऱ्याकडची वस्ती आहे, दुसऱ्या अंगाला पांडेसऱ्याकडे जाणारा रस्ता. एकीकडे माणसं राहतात आणि दुसरीकडे कामाला जातात. मध्ये मी. आता सांगा, मी कुणाला आवडणार?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब लोखंडी दांडा, त्यावर लाल-पांढरे पट्टे, मधोमध एक गोल लाल पत्रा. एक्याण्णव साली मला इथे आणून बसवलं. रुळांच्या पलीकडे माझा जुळा भाऊ आहे. आम्ही एकदम खाली येतो, एकदम वर जातो. इतकी वर्षं समोरासमोर आहोत, पण अजून एकमेकांच्या अंगाला अंग लागलेलं नाही.

आम्हाला चालवतात ते धुडकू नाना. नंदुरबारकडचे, शांत स्वभावाचे. खोलीतला फोन वाजला की ते बाहेर येऊन चाक फिरवू लागतात आणि आम्ही हळूहळू खाली येतो. मग ते आम्हाला कुलूप लावतात. कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. म्हणजे लोकांना मी अडवतो हे खरं, पण लोक मध्ये आले तर गाडीही माझ्यापाशी अडकते. हे मात्र कुणी ध्यानात घेत नाही.

सकाळी साडेसहा ते आठ ही माझी खरी परीक्षेची वेळ. रात्रपाळीचे लोक सुटतात आणि दिवसपाळीचे निघतात. सायकली, माणशी भाडं घेणाऱ्या शटल रिक्षा, ग्रे म्हणजे न रंगवलेल्या कापडाच्या ताक्यांनी भरलेले टेम्पो, हातगाड्या, डबा पदराखाली धरून चालणाऱ्या बाया, सगळे एकाच वेळी माझ्यापाशी येतात. मी बंद असलो की हॉर्न वाजवतात. हॉर्न ऐकून फाटक उघडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही, पण वाजवणाऱ्यांचा विश्वास मोठा असतो. काही जण सायकल आडवी करून माझ्याखालून नेतात. बाहेर आल्यावर डोकं वर करायची घाई करतात आणि टाळू माझ्यावर आपटून घेतात. मग पुन्हा शिव्या मलाच.

पण सगळ्यात गमतीची गोष्ट वेगळीच आहे. मी बंद असलो की माणसाला रांगेत मागे उभं राहवत नाही. तो उजवीकडे मोकळी जागा पाहतो आणि तिथून पुढे येतो. त्याला पाहून दुसरा येतो, मग रिक्षा येते. पलीकडेही अगदी हेच चालू असतं. गाडी निघून जाते, मी वर होतो आणि पाहतो तर काय, अख्खा रस्ता भरून इकडचे उभे, अख्खा रस्ता भरून तिकडचे उभे. कबड्डीचे दोन संघ असावेत तसे. कुणालाच पुढे जाता येत नाही आणि मागे जायला कुणी तयार नसतं. गाडी पाच मिनिटांत गेलेली असते, अर्धा तास जातो तो यात. तरी घरी जाऊन सांगतात, "फाटक बंद होतं."

एक गाडी मात्र लोकांची लाडकी आहे. सकाळी सव्वाआठच्या सुमारास भुसावळ पॅसेंजर जाते. तिच्यात गावाकडे निघालेले लोक असतात. ती जाताना फाटकावरचे लोक शिव्या थांबवतात आणि हात हलवतात. "मायले सांगजो, मी दिवाळीले येस!" असे अहिराणीतले निरोप खिडक्यांकडे फेकले जातात. पोचतात की नाही कोण जाणे. पण ओरडणाऱ्याचा चेहरा त्यानंतर दिवसभरासाठी निवळलेला असतो.

चौऱ्याण्णव साली प्लेगची साथ आली तेव्हा हे सगळे लोक गावाकडच्या गाड्यांनी निघून गेले. रस्ता रिकामा झाला. मी वर होत होतो, खाली येत होतो, पण माझ्यापाशी थांबायला कुणी नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मला या गर्दीची सवय झाली आहे. महिन्याभराने लोक परतले. पहिल्याच सकाळी एका सायकलवाल्याने मला सणसणीत शिवी हासडली. माझ्या लोखंडाची शपथ, इतकं बरं वाटलं!

आता ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे, तिकडे येतो. शहाण्णव सालचा वैशाख होता, वार शुक्रवार.

माझ्यापाशी रोज येणाऱ्यांत एक उखा होता. गोडादऱ्यात राहायचा, पांडेसऱ्याला कापड विणायच्या लूमखात्यात दिवसपाळीला जायचा. माणूस भला, पण उजवीकडून घुसण्यात पहिल्या नंबरचा. त्याची बायको प्रमिलाबाई साड्यांचे धागे कापायला उधन्याला जायची. ती भूपेंद्रच्या शटल रिक्षात बसून यायची. भूपेंद्रही उखाचाच चेला, फक्त तीन चाकांचा.

उखाच्या लूमवर रात्रपाळीला सुकदेव असायचा. लूमची रीत अशी की मशीन थांबत नाही. रात्रीच्या माणसाने चालू मशीन सकाळच्या माणसाच्या हातात द्यायचं आणि मगच निघायचं. जोडीदार यायच्या आत मशीन सोडलं, तर त्या जागेवर दुसरा माणूस आलाच म्हणून समजा. आणि त्या दिवशी सुकदेवला निघायचं होतं ते स्वतःच्या लग्नाला. अमळनेरजवळच्या त्याच्या गावी संध्याकाळी हळद होती, दुसऱ्या दिवशी ताराशी लग्न. शेठने रजा दिली ती शुक्रवार सकाळपासून. पॅसेंजर चुकली तर पुढची गाडी त्याला गावी पोचवणार ती हळद उरकल्यावर.

उखाने त्याला शब्द दिला होता, "तू काळजी करू नको. मी सातच्या आतच येतो."

पावणेसातच्या आधीच तो माझ्यापाशी आला होता. पण मी बंद होतो. मालगाडी जायची होती. उखाने नेहमीप्रमाणे उजवीकडून सायकल पुढे काढली. त्याच्या मागे भूपेंद्रने रिक्षा घातली. पलीकडून ताक्यांचा एक टेम्पोही तसाच उलट्या बाजूने पुढे येऊन थांबला. मालगाडी गेली, मी वर झालो, आणि रुळांच्या मधोमध उखाची सायकल, टेम्पो आणि रिक्षा यांची अशी काही गाठ बसली की सुटता सुटेना. मागून लोक रेटत राहिले.

सात वाजले. सव्वासात झाले. उखाच्या कपाळावर घाम आला.

रिक्षातून प्रमिलाबाईचा आवाज आला, "रोज सांगस, सरळ रांगमा ऱ्हावा. आते देखा, तठे नवरदेवनी हळद वाळी ऱ्हायनी!"

"मना काय दोष? समोरनाच उलटा उना," उखा म्हणाला.

"आन् तुम्ही सुलटा शेतस का?"

आजूबाजूचे सगळे हसले. उखा हसला नाही. इतके दिवस तो माझ्या नावाने ओरडत आला होता. त्या दिवशी त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. खाली मान घालून तो आपल्याच सायकलच्या पुढच्या चाकाकडे पाहत होता. ते चाक कुणाच्या बाजूला उभं आहे, हे त्याला दिसलं असावं.

धुडकू नाना खोलीतून बाहेर आले. "मागे घ्या रे, मागे घ्या! पॅसेंजर टाइमावर आहे."

"नाना, मागं कुठं घेऊ?" भूपेंद्र म्हणाला. "मागं अख्खं गोडादरा उभं आहे."

टेम्पोवाला तिकडून गुजरातीत ओरडला, "पहेलां तमे लो!" म्हणजे आधी तुम्ही मागे घ्या.

तेवढ्यात उखाने सायकल कशीबशी तिरकी ओढून माझ्या खांबाला टेकवली, गाड्यांच्या फटींतून अंग काढलं आणि पांडेसऱ्याच्या दिशेने तो पळत सुटला.

पुढचं मी पाहिलं नाही. ते उखाने नंतर नानांना सांगितलं तेव्हा ऐकलं. तो खात्यात पोचला तेव्हा पावणेआठ होऊन गेले होते. सुकदेव मशीनजवळ उभा होता, पेटी पायाशी, डोळे दाराकडे. उखाने त्याच्या हातातलं काम आपल्या हातात घेतलं. सुकदेव म्हणाला, "आता स्टेशनवर काय पोचणार मी?" तेव्हा उखाला एकदम सुचलं. तो म्हणाला, "स्टेशनवर जाऊच नको. फाटकावर जा! तिथं आम्ही असं करून ठेवलंय की गाडीचा बापही पुढे जाणार नाही."

आणि तसंच झालं. सव्वाआठला पॅसेंजर आली आणि माझ्या अलीकडेच सिग्नलपाशी उभी राहिली. शिट्टीवर शिट्टी. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. नानांचा फोन थांबेना. शेवटी त्यांनी दहा-बारा जणांना हाताशी धरलं, टेम्पो मागे ढकलायला लावला, हातगाड्या बाजूला ओढल्या. रूळ मोकळे झाले. नानांनी धापा टाकत चाक फिरवायला घेतलं आणि मी खाली येऊ लागलो.

"तो देखा! सुकदेव!" प्रमिलाबाई रिक्षातून उतरून ओरडली.

पांडेसऱ्याच्या रस्त्याने एक तरुण डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन पळत येत होता. अंगावर कापसाचे तंतू, पायात एकच चप्पल. अजून तो बराच लांब होता. मी बंद झालो की कुलूप लागणार, सिग्नल पडणार आणि गाडी सुटणार, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"भूपेंद्र, रिक्षा घाल!" प्रमिलाबाई म्हणाली.

भूपेंद्रने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग रिक्षाचं पुढचं चाक सरळ माझ्याखाली आणून उभं केलं.

"अरे काढ ते! माझी नोकरी घालवतोस का?" नाना ओरडले.

"एक मिनिट, नाना. नवरदेव शे!"

नानांनी त्या पळणाऱ्या मुलाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. चाक त्यांनी सोडलं नाही, पण फिरवलंही नाही. मी अर्ध्यावर थांबलो.

आयुष्यभर माझी एकच इच्छा असायची, की लोकांनी बाजूला व्हावं आणि मला खाली येऊ द्यावं. त्या एका मिनिटात मात्र मला वाटत होतं, हलू नका रे कुणी. आणि खरोखरच कुणी हललं नाही. एवढी गर्दी, पण एक हॉर्न वाजला नाही. सगळे मिळून एकच गोष्ट ओरडत होते, "पय सुकदेव, पय!" तिकडच्या लोकांनी त्याला गाड्यांमधून वाट करून दिली. टेम्पोवाला खाली उडी मारून पुढे धावला आणि पेटीचं एक टोक त्याने धरलं. दोघे खडीवरून धडपडत पहिल्या डब्यापाशी पोचले. खिडकीतून चार हात बाहेर आले. पेटी आत गेली, मग दारातून सुकदेव आत गेला.

त्यानंतर एक नवल घडलं. भूपेंद्रने कुणी न सांगता रिक्षा मागे घेतली. त्याच्या मागच्याने घेतली, त्याच्याही मागच्याने घेतली. अख्खं गोडादरा पाच पावलं मागे सरकलं. मी खाली आलो, कुलूप लागलं, सिग्नल पडला. पॅसेंजर माझ्यासमोरून निघाली तेव्हा दारात सुकदेव उभा होता. त्याने दोन्ही हात जोडले होते. लोक ओरडत होते, "हळद बेताची लाव रे, नाहीतर तारा ओळखायची नाही!"

नानांना नंतर वरून बोलणी खावी लागली. त्यांनी ती ऐकून घेतली. फोन ठेवला आणि स्वतःसाठी चहा ठेवला.

पुढचे आठ दिवस लोक शहाण्यासारखे आपापल्या बाजूला थांबले. नवव्या दिवशी उखानेच पहिल्यांदा सायकल उजवीकडे काढली. मी त्याला दोष देत नाही. सवय माझ्या गंजासारखीच असते, खरवडली तरी पुन्हा येते.

पंधरा दिवसांनी सुकदेव ताराला घेऊन सुरतेला परतला. भूपेंद्रची रिक्षा, मागे दोघे आणि त्यांना आणायला गेलेली प्रमिलाबाई. तेव्हाही मी बंदच होतो. भूपेंद्रने सवयीने रिक्षा उजवीकडे वळवली. तारा गावाहून पहिल्यांदाच सुरतेत आलेली. तिने डोक्यावरचा पदर सावरत हळूच विचारलं, "मंग समोरना लोके कोठून जातीन?"

प्रमिलाबाईने भूपेंद्रच्या पाठीकडे पाहिलं. इतकी वर्षं हजारो माणसं माझ्यापाशी थांबली, पण हा साधा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता. भूपेंद्रने जीभ चावली आणि रिक्षा पुन्हा रांगेत आणून लावली.

आता माझ्या शेजारी खांब उभे राहू लागले आहेत. लोक म्हणतात, इथे पूल होणार, फाटकाची कटकट जाणार. जाऊ दे. मला वाईट वाटत नाही. माझ्या जुळ्या भावाला आणि मला काढून एकाच ट्रकमध्ये टाकलं, तर आमची एकदाची भेट तरी होईल.

पण जायच्या आधी तुम्हाला एकच विनंती आहे. पुलावर तुम्हाला अडवायला कुणी नसेल. सगळा रस्ता तुमचाच वाटेल. कामावर उशीर होत असेल आणि उजवीकडची जागा मोकळी दिसेल. तेव्हा चाक वळवायच्या आधी ताराने विचारलं तेवढं स्वतःला विचारा. तिकडून येणाऱ्यांतही कुणी तरी आपल्या हळदीला निघालेलं असेल.